एक जूनची मुले

दरवर्षी १ जूनला आमच्या शिक्षकखोलीत पेढ्यांचे दोन-तीन बॉक्स येतात. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, फळ्यांवर अजून सुट्टीतली धूळ असते आणि आमच्यापैकी पाच जणांचा वाढदिवस असतो. या पाचांत मीही आहे. पाचही जणांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या असतील, असे कुणी मानत नाही. आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांचा जन्म घरात झाला आणि जन्मतारीख शाळेत झाली. जूनमध्ये शाळा भरायची, पहिलीला सहा वर्षे पुरी लागायची, म्हणून गुरुजी १ जून घालून मोकळे होत. त्यापायी आम्ही सरकारदरबारी ३१ मेलाच निवृत्त होतो, हा त्यातला एक किरकोळ तोटा.

माझी आई सांगायची की मी आषाढातला. वारीला गेलेली आजी परत यायची होती आणि घरात कुणी मोठे माणूस नव्हते, एवढे तिला पक्के आठवत होते. वडील मला शाळेत घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी आषाढाची चौकशी केली नाही. उजवा हात डोक्यावरून न्यायला सांगून म्हणाले, "डावा कान धर बघू." माझी बोटे कानाच्या पाळीला कशीबशी लागली आणि मी सहा वर्षांचा झालो. माझ्या शेजारच्या मुलाचा हात पुरला नाही. तो माझ्याहून मोठा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. त्याला एक वर्ष थांबावे लागले.

या कानाच्या परीक्षेची आठवण परवा वेगळ्याच संदर्भात झाली. दहावीच्या वर्गात मानवी हक्कांचा धडा चालू होता. बोलता बोलता मी युरोपात एकट्या पोहोचणाऱ्या निर्वासित मुलांचा विषय काढला. कागदपत्रे नसली की त्यांचे वय हाडांवरून ठरवतात, असे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पण एखादा खरंच खोटं बोलत असेल तर? आपण फसलो तर?" घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. त्यानंतर काही आठवडे मी या विषयावर मिळेल ते वाचत होतो. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. अफगाणिस्तान, गांबिया, गिनी, इरिट्रिया अशा देशांतून पंधरा-सोळा वर्षांची मुले वाळवंट आणि समुद्र ओलांडून युरोपात येतात. एकट्या स्वीडनमध्ये २०१५ या एका वर्षात सुमारे ३५ हजार मुलांनी पालकांविना आश्रय मागितला. त्यांतली बरीच अफगाण होती. अठराच्या आतल्या मुलाला तिथे पालकत्व, शाळा, निराळे निवासस्थान मिळते. अठरा पुरी झालेल्याला प्रौढांच्या छावणीत जावे लागते आणि परत पाठवले जाण्याची टांगती तलवारही त्याच्या डोक्यावर अधिक असते. या दोन आयुष्यांमध्ये असते फक्त एक जन्मतारीख, आणि नेमकी तीच पुष्कळांना सांगता येत नाही. युनिसेफच्या २०२४ सालच्या अहवालानुसार जगातल्या पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. तारीख ठाऊक नसलेल्या निर्वासिताच्या कागदावर तिथले कारकून बहुधा १ जानेवारी घालतात. आमची १ जून, त्यांची १ जानेवारी.

कागद नसला की डॉक्टर येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. वाढ पुरी होत आली की ती भरून येते आणि एक्स-रेमध्ये दिसेनाशी होते. त्यावरून वय काढायचे. त्यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले चित्रपुस्तक ग्रॉयलिख आणि पाइल या दोन अमेरिकन संशोधकांचे, पहिली आवृत्ती १९५० ची आणि दुसरी १९५९ ची. त्यातले एक्स-रे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या खात्यापित्या गोऱ्या घरांतील मुलांचे, तेही मुख्यत्वे १९३० च्या दशकातले. ते पुस्तक केले गेले ते मुलाची वाढ नीट होते आहे की नाही हे पाहण्यासाठी. आजारी मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला मुलाचे वय आधीच ठाऊक असते आणि त्या वयाला हाडे कुठवर आली, हे त्याला बघायचे असते. सीमेवरचा अधिकारी तेच पुस्तक उलटे वाचतो. हाडे इथवर आली, तेव्हा वय अमुक, असे तो म्हणतो. मनगटाची वाढ कुणाची सतरालाच पुरी होते, कुणाची एकोणिसाला. म्हणजे ज्या अठराच्या रेषेशी निवाडा करायचा, तिथेच ही पट्टी आंधळी होते. स्वीडनने २०१७ पासून अक्कलदाढांचा एक्स-रे आणि गुडघ्याचा एमआरआय वापरायला सुरुवात केली, तिथेही तज्ज्ञांमध्ये असाच वाद पेटला. यंत्र बदलले तरी शरीरे एकसारखी वाढत नाहीत, ही अडचण तशीच राहिली.

आपल्याला हे सारे दूरचे वाटेल. तसे ते नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या बापाकडे जाऊ पाहणाऱ्या भारतीय उपखंडातल्या मुलांची हाडे ब्रिटिश अधिकारी अशीच एक्स-रेने तपासून घेत होते. मुलगा खरोखर इतक्या वयाचा आहे की नाही, हा संशय. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका भारतीय स्त्रीची कौमार्यचाचणी झाल्याचे वृत्तपत्रातून बाहेर आले, तेव्हा या एक्स-रेंचीही चर्चा झाली आणि अखेर १९८२ मध्ये ते थांबवण्यात आले. ज्या किरणांचा त्या मुलाच्या प्रकृतीला काडीचा उपयोग नाही, ते केवळ कारकुनाच्या सोयीसाठी त्याच्या अंगातून सोडावेत का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. चाळीस वर्षांनी ब्रिटनने कायदा करून तीच वाट पुन्हा मोकळी केली. २०२५ च्या जुलैत तर चेहऱ्याच्या छायाचित्रावरून वयाचा अंदाज करणारी संगणकीय पद्धत तपासून पाहण्याचा मनोदय तिथल्या सरकारने जाहीर केला.

कायदा याविषयी काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००५ मध्ये सांगितले की वय ठरवताना नुसते शरीर पाहू नका, मनाची वाढही पाहा, मुलाची अप्रतिष्ठा होऊ देऊ नका आणि शंका उरली तर तिचा फायदा मुलाला द्या. स्पेनमध्ये काही मुलांनी मायदेशाची कागदपत्रे दाखवूनही ती बाजूला ठेवली गेली आणि एक्स-रेवर भरवसा ठेवण्यात आला. या समितीने २०१८ पासून एकामागून एक प्रकरणांत स्पेनला दोषी धरले. फ्रान्सच्या घटना परिषदेने मार्च २०१९ मध्ये हाडांची तपासणी घटनाबाह्य ठरवली नाही, पण तिला वेसण घातली. मुलाची संमती हवी, केवळ तिच्यावर निकाल नको, तपासणीला नकार दिला एवढ्यावरून मुलाला प्रौढ समजायचे नाही आणि शंकेचा फायदा त्याचाच.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचा जुलै २०२२ चा एक निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. गांबियातून आलेला एक मुलगा २०१६ मध्ये बोटीने इटलीला पोहोचला. आपण अल्पवयीन आहोत, असे त्याने सांगितले. व्हेनिसजवळच्या कोना या गावी प्रौढांच्या गच्च भरलेल्या छावणीत त्याला चार महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले. मनगटाच्या एक्स-रेवरून तो अठराचा ठरला, पण त्या अहवालात चूक किती होऊ शकते याचा उल्लेखच नव्हता. न्यायालयाने इटलीला दोषी ठरवले. उलट सिद्ध होईपर्यंत त्याला मूल समजून वागवणे हा त्याच्या संरक्षणाचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय. दरम्यान इटलीनेही २०१७ साली नवा कायदा करून हेच तत्त्व मान्य केले होते.

आपल्याकडचा कायदाही याच बाजूचा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार वयासाठी आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन वर्षे इकडे किंवा तिकडे चूक होऊ शकते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवून ठेवले आहे. हे कलम वाचताना मी जरा चपापलो. हाडांहून आधी ज्याचा मान, तो दाखला देणारा मी! आणि माझ्या नोंदवहीत पानोपानी १ जून.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. खोटे बोलणारे असतात का? असतात. घर विकून, कर्ज काढून पाठवलेल्या पोराला परत जायचे नसेल, तर एकोणिसाचा सतरा सांगेल. मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याहून भयंकर उदाहरणही आहे. इंग्लंडमधील बोर्नमथ येथे मार्च २०२२ मध्ये एका अफगाण तरुणाने एका एकवीस वर्षांच्या मुलाचा भोसकून खून केला. हा तरुण चौदा वर्षांचा म्हणून देशात शिरला होता, एका कुटुंबात राहत होता, शाळेत जात होता. प्रत्यक्षात तो बराच मोठा होता आणि त्याआधी सर्बियात त्याने दोघांचे जीव घेतले होते. मी मुख्याध्यापक आहे. आठवीच्या वर्गात वीस वर्षांचा माणूस बसवला तर उद्या पालक माझ्या दारात येतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही. आश्रय मागणाऱ्या मुलाचे हक्क सांगताना वर्गातल्या इतर मुलांची सुरक्षितता विसरणारा माणूस माझ्या मते अर्धेच बोलतो.

पण या उदाहरणावर मी जितका विचार केला तितके मला वाटत गेले, की आपण दोन निराळे प्रश्न एकात कालवतो. माणूस धोकादायक आहे का, हा एक प्रश्न. त्याचे वय किती, हा दुसरा. तो तरुण खरोखर चौदाचा असता तरी त्याचा आधीचा गुन्हा तितकाच भयानक राहिला असता, आणि तो मनगटाच्या हाडात दिसत नाही. तो शोधायचा तर सर्बियात चौकशी करायला हवी, वागणुकीवर लक्ष हवे. ते कष्टाचे काम आहे. एक्स-रे सोपा. आणि एकाच्या पापासाठी सर्वांना संशयाच्या रांगेत उभे केले, की सुक्याबरोबर ओलेही जळते.

संशयाची रांग कशी असते, हे मी एकदा पाहिले आहे. पाहिले म्हणण्यापेक्षा, लावली आहे. इतकी वर्षे ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

१९९७ ची गोष्ट. मी तरुण शिक्षक होतो, कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. चौदा वर्षांखालील मुलांची तालुका पातळीवरची स्पर्धा, अंतिम सामना. समोरच्या संघात एक मुलगा होता, दगडखाणीवर काम करणाऱ्या कुटुंबातला. खांदे रुंद, तळहाताला घट्टे, ओठांवर मिसरुडाची काळी रेघ. पहिल्या डावात त्याने आमची तीन मुले एका चढाईत बाद केली. मध्यंतरात मी हरकत नोंदवली. त्याच्या शिक्षकांनी शाळेचा दाखला दाखवला, त्यावर तेरा वर्षे होती. मी म्हणालो, "दाखल्यावर काय, कुणीही काहीही लिहितो." हे एक जूनची तारीख लावणाऱ्या माणसाने म्हणावे!

मग दोन शिक्षक त्याला साहित्याच्या खोलीत घेऊन गेले. मी दाराशी उभा होतो. त्याला सदरा काढायला लावला, हात वर करायला लावले, काखेत पाहिले. आणखी काय पाहिले, ते मी विचारले नाही. पाच-सात मिनिटांनी तो सदऱ्याची बटणे लावत बाहेर आला. बाहेर शे-दीडशे पोरे हसत होती. तो कुणाकडे न पाहता भिंतीपाशी जाऊन बसला. त्याला खेळू दिले नाही. आम्ही जिंकलो. ती ढाल आजही माझ्या कार्यालयातल्या काचेच्या कपाटात आहे.

त्याचे खरे वय काय होते, मला माहीत नाही. कदाचित तो पंधराचा असेल आणि माझी हरकत बरोबर असेल. पूर्वी मी याच 'कदाचित'चा आधार घेत असे. आता कळते की तो बरोबर असो वा चूक, त्या खोलीत आम्ही जे केले ते चूकच होते. वय ठरवण्याचा अधिकार आम्हाला होता असे मानले, तरी त्याची लाज उतरवण्याचा नव्हता. युरोपातही काही ठिकाणी मुलांना विवस्त्र करून वय ठरवले गेले आणि बालहक्क समितीने ते ठामपणे नाकारले, हे वाचताना ती बटणे लावणारी बोटे मला दिसत होती.

तेव्हा मला जे म्हणायचे आहे ते असे. वय नक्की कळणार नाही, अशा जागी प्रश्न सत्याचा उरत नाही. चूक होणारच, ती कुणाच्या वाट्याला घालायची, एवढाच प्रश्न उरतो. मोठ्या माणसाला मूल समजलो तर राज्याला एक जागा, काही पैसे, थोडी डोकेदुखी लागते, आणि चूक ध्यानात आली की त्याला दुसरीकडे हलवता येते. मुलाला मोठा समजलो तर तो परक्या प्रौढांमध्ये एकटा झोपतो, त्याची शाळा बुडते आणि सोळावे वर्ष त्याला पुन्हा कुणी देऊ शकत नाही. पहिली चूक राज्याच्या खांद्यावर पडते, दुसरी एका पोराच्या. ज्याचा खांदा रुंद त्याने ओझे घ्यावे, हे सांगायला न्यायालय कशाला हवे? आपल्या घरात आपण हेच करतो.

याचा अर्थ वय विचारूच नये, असा नाही. जरूर विचारावे. पण विचारावे कसे?

२०२३ च्या जूनमध्ये एक बाई आठवीत प्रवेशासाठी मुलाला घेऊन आल्या. कुटुंब रायचूरकडचे. ऊसतोडीच्या निमित्ताने कोल्हापूर भागात राहिलेले, म्हणून मुलगा मराठी शाळेत शिकलेला. आता बांधकामावर इथे. दाखला नाही, जन्मनोंद नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे, तेव्हा प्रवेशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न रकान्याचा होता. मुलगा उंच होता. आमच्या कारकुनांनी पेन उघडले. "सर, १ जून घालू?"

मी म्हटले, थांबा. बाईंना बसायला सांगितले आणि कानडीत विचारले, हा झाला तेव्हा काय काय घडलं होतं? इतका वेळ त्या मराठीत "हो" आणि "नाही" एवढेच म्हणत होत्या. आता त्या बोलू लागल्या. "दोड्ड मळे बंद वर्ष, सर." मोठा पाऊस आला ते वर्ष. घराची भिंत पडली. दसरा होऊन तिसरा दिवस होता, बन्नीची पाने अजून देवापुढे होती, सुईणीला गुडघाभर पाण्यातून आणले. २००९ साली उत्तर कर्नाटकात सप्टेंबरअखेरीस तो महापूर आला होता, हे आपल्या भागात सर्वांना आठवते. जुने पंचांग काढले. त्या वर्षी दसरा २८ सप्टेंबरला होता. तिसरा दिवस १ ऑक्टोबर. मुलगा तेरा वर्षे आठ महिन्यांचा. कुठला एक्स-रे हे सांगू शकला असता?

या चौकशीला अर्धा तास लागला आणि लागली त्या बाईंची भाषा. युरोपातली न्यायालये आणि समित्या आज जे सांगत आहेत, ते याहून फार निराळे नाही. मुलाशी त्याच्या भाषेत बोला, त्याच्या बाजूने बोलणारा एक माणूस जवळ बसवा, त्याचे कागद असतील तर ते गांभीर्याने पाहा, हाडांकडे सर्वांत शेवटी जा. युरोपीय संघाच्या २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आश्रयविषयक नियमांतही हाच क्रम आहे. वैद्यकीय तपासणी शेवटी, आणि तरीही उलगडा झाला नाही तर मूलच समजायचे. दोन भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. कचेरीच्या खिडकीपाशी आपली भाषा न कळणारा माणूस बसला, की आपले खरेही त्याला खोटे वाटते, हा अनुभव इथल्या प्रत्येक घराला आहे. फक्त खिडकीच्या आतल्या बाजूला आपण बसलो, की तो आपण विसरतो.

त्या मुलीला मी आता असे सांगेन. बाळ, आपण फसू. कधी कधी फसणारच. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर माझा हिशेब असा आहे की ज्यांनी मला फसवले त्यांची नावे मी विसरलो. ज्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही, त्याचे नाव मला कधीच माहीत नव्हते, आणि तो एकटाच आठवतो.

कारकुनांनी १ ऑक्टोबर २००९ अशी नोंद केली. बाईंनी अंगठा उठवला. निघताना त्यांनी मुलाला माझ्या पाया पडायला लावले, तेव्हा त्याची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. "सर, ही कबड्डीची ढाल?" मी हो म्हटले. "मीपण खेळतो," तो म्हणाला.

त्या वर्षी त्याला संघात घेतले. तालुक्याला कुणीतरी हरकत घेतलीच, पोर उंच होते. मी नोंदवही घेऊन स्वतः गेलो होतो.